नसबंदी झालेली कुत्री पुन्हा माजावर येते तेव्हा : फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागायतीच्या) घरातून मैना नावाची गावठी कुत्री आमच्या दवाखान्यात आणली गेली, ती ‘ऑपरेशन होऊनही माजावर आली’ या तक्रारीसह. वय अंदाजे चार वर्षे, वजन १४ किलो, एका कानाला व्ही आकाराची खाच. ती मुळात रस्त्यावरची. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमेत तिचे ऑपरेशन झाले, पुढच्या पावसाळ्यात ती या घराच्या गोठ्यात आसऱ्याला आली आणि हळूहळू गोठ्यातून सोप्यावर आणि सोप्यावरून थेट घरात पोचली. त्यामुळे शस्त्रक्रियेचा कागद कोणाकडेच नव्हता. उजव्या कुशीवर बोटभर लांबीची जुनी पांढरी रेघ आणि कानाची खाच, एवढाच काय तो पुरावा.

तिला घेऊन घरातील काका आणि त्यांचा मुलगा आले होते. त्यांच्या सांगण्यानुसार पाच आठवड्यांहून अधिक काळ मैनेचे योनीमुख सुजलेले होते, अधूनमधून गुलाबी स्राव दिसत होता आणि वाड्यावरचे नर कुत्रे रात्रभर फाटकाशी ठिय्या देऊन बसत होते. त्याआधी साधारण तीन महिन्यांपूर्वीही असेच झाले होते, मग ते आपोआप ओसरले आणि आता पुन्हा सुरू झाले. घरच्या आजींचे निदान पक्के होते : “कॅम्पातलं ऑपरेशन कच्चं राहिलंय.” शेजारच्यांनी माज थांबवणारे इंजेक्शन देण्याचा सल्ला दिला होता, तर मुलाची विचारणा अशी होती की, पोट पुन्हा उघडून राहिलेला भाग एकदाचा काढून टाकता येईल का.

ही विचारणा अवाजवी नव्हती. नसबंदीत बीजांडकोशाचा तुकडा मागे राहणे ही पशुवैद्यकातील ओळखीची गुंतागुंत आहे. कुत्रीचे बीजांडकोश मूत्रपिंडाच्या जवळ, आखूड आणि ताठ बंधाने बांधलेले असतात. पोटाच्या मध्यरेषेतून शस्त्रक्रिया केली, तर उजवा बीजांडकोश अधिक पुढे व खोल असल्याने तो नीट वर ओढून घेणे अवघड जाते. भटक्या कुत्र्यांच्या मोहिमांत आपल्याकडे पुष्कळदा उजव्या कुशीतून लहानसा छेद घेतात, तेव्हा अडचणीची बाजू उलटते आणि डावा बीजांडकोश दूरचा ठरतो. मागे राहिलेल्या चिमुकल्या तुकड्याला आजूबाजूच्या ऊतींतून पुन्हा रक्तपुरवठा मिळू शकतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, त्यात बीजपुटिका (बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्या) वाढून इस्ट्रोजेन हे मादी-संप्रेरक तयार होऊ लागते. मैनेची कुशीवरची रेघ आणि मधला काळ दोन्ही या चित्रात चपखल बसत होते.

घाई करायला आणखी एक शास्त्रीय वाटणारे कारण होते. राहिलेला तुकडा एरवी इतका बारीक असतो की चरबीत तो सापडत नाही. माजाच्या काळात किंवा त्यानंतर लगेच पोट उघडले, तर फुगलेल्या पुटिका किंवा पीतपिंड (बीज सुटल्यावर पुटिकेच्या जागी बनणारे पिवळसर पिंड) डोळ्यांना दिसतात आणि शल्यचिकित्सकाचे काम सोपे होते. म्हणून शंका असलेली कुत्री ‘माजात असतानाच’ टेबलावर घ्यावी, असे शिकवले जाते, आणि ते बरोबरच आहे. मात्र ते खरा माज असलेल्या कुत्रीला लागू पडते. येथे मैनेला माज आला आहे, हेच मुळात सिद्ध व्हायचे होते.

तपासणीत योनीमुख खरोखरच सुजून मऊ झालेले होते, स्तनाग्रे थोडी मोठी दिसत होती, ताप नव्हता, पोटात हाताला काही लागत नव्हते. योनीमार्गातून कापसाच्या काडीने पेशी घेऊन स्लाइड रंगवली. बहुतेक पेशी मोठ्या, कोनाकोनाच्या कडांच्या, केंद्रक आक्रसलेल्या किंवा अजिबात नसलेल्या, म्हणजे शृंगित (कातडीच्या वरच्या थरासारख्या कठीण) झालेल्या होत्या. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्या. योनीदाह किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असता, तर नर मागे लागले असते, पण स्लाइड अशी दिसली नसती. रक्तात इस्ट्रोजेन वाढले की योनीमार्गाचे अस्तर एकावर एक थर चढवून जाड होते, आणि ही स्लाइड त्याची खात्रीशीर खूण होती.

पण स्लाइड सांगते ती एवढ्यापुरतीच. इस्ट्रोजेन स्वतःच्या बीजांडकोशातून आले, मूत्रपिंडालगतच्या अधिवृक्क ग्रंथीच्या एखाद्या दुर्मिळ विकारातून आले की शरीराबाहेरून आले, हे अस्तराच्या पेशीला कळत नाही आणि म्हणून स्लाइड वाचणाऱ्यालाही कळत नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळा धोका येथेच होता. ‘इस्ट्रोजेन आहे’ या खऱ्या निष्कर्षावरून ‘बीजांडकोश आहे’ या निष्कर्षावर उडी मारणे इतके स्वाभाविक वाटते की मधली पायरी गाळली गेल्याचे ध्यानातही येत नाही.

ती पायरी गाळू नये असे वाटायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली म्हणजे कालावधी. कुत्रीच्या नैसर्गिक माजात सुजेचा आणि स्रावाचा पूर्वकाळ सरासरी नऊ दिवसांचा आणि नराला जवळ घेण्याचा काळही साधारण तेवढाच असतो. व्यक्तिगत फरक पुष्कळ असला, तरी पाच आठवडे ओलांडूनही अस्तर तसेच जाड राहणे हे नेहमीचे नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे दोन माजांतले अंतर. कुत्रीत ते सरासरी सात महिन्यांचे असते, आणि पाच ते अकरा महिन्यांची मर्यादा सामान्य धरली जाते. मैनेच्या बाबतीत ते जेमतेम तीन महिने भरत होते. मांजरीत असे जवळजवळ येणारे माज मुळीच नवलाचे नसतात, कारण समागमाच्या उत्तेजनेवाचून तिचे बीज सहसा सुटत नाही आणि ऋतूत ती दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येत राहते. कुत्रीचे तसे नाही. तिचे बीज आपोआप सुटते आणि त्यानंतर, गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक बनवत राहतात.

कुत्रीच्या या वैशिष्ट्यामुळे प्रोजेस्टेरॉनची तपासणी येथे उपयोगी पडते. बीजांडकोशाचा तुकडा काम करत असेल, तर सूज ओसरू लागल्यावर किंवा ती सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर रक्तातील प्रोजेस्टेरॉन प्रति मिलिलिटर २ नॅनोग्रॅमच्या वर गेलेले आढळावे. बाहेरून फक्त इस्ट्रोजेन येत असेल, तर ते तळाशीच राहील. रक्तातील इस्ट्रोजेन थेट मोजून मात्र फारसे हाती लागत नाही. त्याची पातळी एका दिवसातही वरखाली होते, आणि माणसांसाठी बनवलेल्या चाचण्या कुत्रीच्या अल्प पातळीवर विश्वासार्ह ठरत नाहीत.

मैनेचे पहिले प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅमच्या खाली आले. त्याच नमुन्यातील प्लेटलेट मात्र १ लाख ४० हजार होत्या, आणि कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असाव्यात. गोव्यात प्लेटलेट कमी दिसल्या की पशुवैद्याचा हात आधी गोचिडांकडे जातो, आणि ते योग्यच आहे. येथील दमट हवेत गोचिडांचा उपद्रव बारमाही असतो आणि त्यांच्यातून पसरणारा एर्लिकिया हा जिवाणू प्लेटलेट पाडण्यात अग्रेसर असतो. मैनेच्या कानामागेही दोन गोचिडे सापडली. एर्लिकिया व गोचिडांतूनच येणाऱ्या अॅनाप्लाझ्मा या जिवाणूची झटपट चाचणी नकारार्थी आली आणि रक्ताच्या स्लाइडवरही काही दिसले नाही, तेव्हा दुसरे कारण डोळ्यांपुढे ठेवणे भाग पडले. कुत्र्याची अस्थिमज्जा इस्ट्रोजेनला फार संवेदनशील असते. मात्रा मोठी किंवा दीर्घकाळ मिळत राहिली, तर आधी प्लेटलेट घटतात, पांढऱ्या पेशी सुरुवातीला वाढून नंतर कोसळतात आणि अखेर तिन्ही प्रकारच्या पेशी बनणे थांबून प्राणी दगावू शकतो. प्लेटलेट घसरलेल्या कुत्रीचे पोट अंदाजाने उघडणे, तेही इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्या भरलेल्या असताना, हा पर्याय तूर्त बाजूला ठेवला.

माज थांबवणाऱ्या इंजेक्शनाचा सल्ला त्याहून स्पष्ट शब्दांत नाकारावा लागला. हे इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, जे माणसांच्या कुटुंबनियोजनातही वापरतात. इस्ट्रोजेनने आधीच फुगलेल्या अस्तरावर प्रोजेस्टेरॉनसारखे औषध चढले, तर गर्भाशयाचा जो लहानसा खुंट शस्त्रक्रियेत मागे राहतो त्यात पू साठू शकतो. शिवाय कुत्रीत या औषधाने स्तनग्रंथींतून वाढ-संप्रेरक स्रवू लागते आणि मधुमेहापर्यंत मजल जाऊ शकते. गावोगावी हे इंजेक्शन ‘सोपा उपाय’ म्हणून दिले जाते. त्यातून उद्भवलेल्या गर्भाशयाच्या पुवाचे पोट ज्याने उघडले आहे, त्याला तो सोपा वाटत नाही.

बाहेरच्या इस्ट्रोजेनचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला होता. “घरात कोणी हार्मोनचं औषध घेतं का? गोळी, मलम, काहीही?” काकांनी ठाम नकार दिला. ते खोटे बोलत नव्हते, आणि मुलाला तर याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. आपल्याकडे पाळी थांबण्याच्या वयातील त्रास ही बाई, तिची मैत्रीण आणि फार तर तिची डॉक्टर यांच्यातली गोष्ट असते. दवाखान्यात कुत्र्याला घेऊन येतो तो बहुधा घरातला पुरुष, कारण गाडी त्याच्याकडे असते आणि कुत्र्याला उचलायचे असते. प्रश्न बरोबर असूनही तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. म्हणून पुढच्या तपासणीला घरातील काकूंनी स्वतः यावे, असा निरोप दिला. कारण इतकेच सांगितले की मैनेला खायला घालणाऱ्या व्यक्तीशी बोलायचे आहे.

काकू आल्या. तपासणीच्या खोलीत इतर कोणी नसताना तोच प्रश्न थोडा वेगळा करून विचारला : अंगाला रोज काही चोळता का? त्यांनी क्षणभर थांबून पर्समधून एक पंप असलेली बाटली काढली. पाळी गेल्यानंतर रात्री-अपरात्री घाम फुटणे, झोप उडणे असा त्रास वाढल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते जेल लिहून दिले होते. काका ते गुडघेदुखीचे समजत होते आणि काकूंनी तो समज तसाच राहू दिला होता. बाटलीवर एस्ट्रॅडिओल ०.०६ टक्के असे छापलेले होते. या प्रमाणाच्या जेलचा एक दाब म्हणजे सव्वा ग्रॅम जेल आणि त्यात पाऊण मिलिग्रॅम एस्ट्रॅडिओल.

मग दिनक्रम विचारला. संध्याकाळची अंघोळ झाली की दोन्ही हातांना, मनगटापासून खांद्यापर्यंत जेल लावायचे, देवाजवळ आणि तुळशीजवळ दिवा लावायचा आणि सोप्यावर येऊन बसायचे. मैना तेथे वाटच पाहत असे. ती काकूंच्या मांडीवर डोके टेकवी आणि त्यांच्या हाताचा आतला भाग, कोपरापासून मनगटापर्यंत, सावकाश चाटत राही. “तिला माझ्या अंगाचा वास आवडतो म्हणून मी चाटू देते,” काकू म्हणाल्या. जेल मद्यार्कात बनवलेले असल्याने वरून लवकर सुकते, पण त्वचेवर इस्ट्रोजेनचा साठा कित्येक तास राहतो आणि चाटणाऱ्या जिभेला किंवा टेकलेल्या त्वचेला तो मिळत राहतो. माणसाच्या वजनाला बेतलेल्या मात्रेचा काही अंश १४ किलोच्या कुत्रीला रोज संध्याकाळी पोचत होता.

मधला ओसरण्याचा काळही येथे उलगडला. मुलीचे दुसरे बाळंतपण कोल्हापूरला सासरी होते म्हणून काकू काही आठवडे तिकडे गेल्या होत्या. त्या गेल्यानंतर मैनेची सूज उतरली आणि त्या परत आल्यानंतर काही दिवसांतच पुन्हा चढली. जो प्रयोग आपण मुद्दाम करायला हवा होता, तो त्या घरात नकळत होऊन गेला होता. कुटुंबाने तो ‘दोन माज’ असा वाचला होता, इतकेच.

आणखी एक तपशील शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. काकूंचे गर्भाशय काढलेले नसल्याने स्त्रीरोगतज्ज्ञांनी नियमाप्रमाणे जेलच्या जोडीला रात्री घेण्याची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली होती, आणि ती पोटात जात असल्याने मैनेपर्यंत पोचण्याचा प्रश्न नव्हता. त्या घरातून कुत्रीला मिळत होते ते केवळ इस्ट्रोजेन. तीन आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅमच्या खालीच राहिले, ते या चित्राशी जुळत होते.

तरीही प्रोजेस्टेरॉन कमी आहे म्हणून बीजांडकोश नाहीच, असे म्हणता येत नाही. राहिलेल्या तुकड्यात बीज न सुटणारी पुटी झाली असेल किंवा इस्ट्रोजेन स्रवणारी गाठ असेल, तर इस्ट्रोजेन वर आणि प्रोजेस्टेरॉन खाली असेच चित्र दिसेल. सोनोग्राफीत काही आढळले नाही, पण बारीक तुकडा सोनोग्राफीतून सहज निसटतो. या शंकेवर अधिक थेट उत्तर अँटी-म्युलेरियन संप्रेरकाची तपासणी देते, कारण ते बीजपुटिकांच्या पेशींतूनच येते आणि जेलमधून कधीच येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जीएनआरएच (बीजांडकोशाला चालना देणारी संप्रेरके मेंदूतून सोडवणारे संप्रेरक) गटातील इंजेक्शन देऊन बीजांडकोश प्रतिसाद देतो का ते पाहणे. या दोन्ही गोष्टी पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवल्या, कारण त्यांच्या आधी करण्यासारखी, खर्च नसलेली आणि निरुपद्रवी गोष्ट समोर होती.

येथे एका सापळ्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. नसबंदी झाली आहे की नाही हे ओळखण्यासाठी एलएच या, मेंदूतून येऊन बीजांडकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकाची झटपट चाचणी वापरतात. बीजांडकोश नसले की मेंदूला लगाम घालणारे कोणी उरत नाही, एलएच सतत चढे राहते, आणि ते कमी आढळले की बीजांडकोश शिल्लक असल्याचे मानतात. पण बाहेरून आलेले इस्ट्रोजेनही तोच लगाम ओढते. जेल चाटणाऱ्या, पूर्ण नसबंदी झालेल्या कुत्रीत ही चाचणी ‘बीजांडकोश आहे’ असे खोटेच सांगू शकते. मैनेवर ती केली नाही.

काकूंना जेल बंद करण्यास सांगितले नाही. ते औषध त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या गरजेनुसार दिलेले होते, आणि कुत्रीच्या डॉक्टरने माणसाचे औषध थांबवणे हा अधिकाराचा भंग ठरला असता. त्यांनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सर्व हकीकत सांगावी, असे सुचवले आणि मैनेच्या अहवालाची प्रत सोबत दिली. तोवर जेल झोपण्यापूर्वी, मांडीच्या वरच्या भागाला लावावे, ते सुकल्यावर अंग कपड्याने झाकावे, हात साबणाने धुवावेत आणि मैनेला खोलीबाहेर ठेवावे, अशी व्यवस्था ठरली. चाटण्याची सवय मोडण्यासाठी पहिले काही दिवस मैनेचे संध्याकाळचे जेवण सोप्याऐवजी मागील दारी ठेवले गेले. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांनी जेलऐवजी गोळी सुरू केली.

कोल्हापूरची नात काही महिन्यांनी चतुर्थीला या घरी येणार होती, हे बोलता बोलता कळले, तेव्हा आणखी एक गोष्ट सांगावी लागली. अंगाला लावायच्या इस्ट्रोजेनचा संपर्क लहान मुलांनाही होतो आणि त्यातून अकाली स्तनवाढ होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०१० मध्ये एस्ट्रॅडिओलच्या एका फवाऱ्याबाबत दिलेल्या इशाऱ्यात मुले आणि पाळीव प्राणी या दोघांचाही उल्लेख होता. मैनेच्या जागी नसबंदी केलेला नर असता, तर त्याची स्तनाग्रे वाढून इतर नर त्याच्याच मागे लागले असते. मांजर असते, तर अंगाला अंग घासण्याच्या सवयीमुळे केसांवर लागलेले जेल तिने स्वतःलाच चाटून पोटात घातले असते.

संपर्क तुटल्यानंतर दोन आठवड्यांत नर कुत्र्यांचा फाटकाशी असलेला पहारा उठला. चौथ्या आठवड्यात योनीमुख नसबंदी झालेल्या कुत्रीसारखे लहान झाले होते आणि स्लाइडवर पुन्हा लहान, गोलसर, केंद्रक ठळक असलेल्या पेशी दिसू लागल्या. प्लेटलेट २ लाख ३० हजारांवर आल्या. स्तनाग्रांना पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागला, आणि ते अपेक्षितच होते.

आजींचे मत बदलले की नाही हे सांगणे कठीण आहे, पण वाड्यावर या निदानाचा काही उपयोग झाला. ‘कॅम्पातलं ऑपरेशन कच्चं’ ही बातमी मैनेच्या फाटकावरून बऱ्याच घरांपर्यंत गेली होती आणि दोन घरांनी आपल्या कुत्र्या मोहिमेला देण्याचे टाळले होते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस एकाच फेरीत होते. ज्या राज्याला २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र घोषित केले गेले, तेथे एका घरातून नकार आला की नसबंदीबरोबर लसही हुकते. मैनेचे ऑपरेशन करणाऱ्या अनोळखी शल्यचिकित्सकावर आलेला ठपका, निदान उपलब्ध पुराव्यावरून, चुकीचा होता. काकांनी तो वाड्यावर आपल्या परीने खोडून काढला, अर्थात जेलचा विषय न काढता, ‘काहीतरी औषध तिच्या अंगात गेलं होतं’ एवढेच सांगून.

मैनेच्या कागदावर बीजांडकोशाच्या अवशेषाची शक्यता खोडलेली नाही. तिची स्लाइड आणि रक्त सहा महिन्यांनी पुन्हा तपासले जाईल, आणि घरात जेल नसतानाही सूज पुन्हा आली, तर प्रथम अँटी-म्युलेरियन संप्रेरक, मग सूज सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यातील प्रोजेस्टेरॉन आणि त्यांतून बीजांडकोशाचा तुकडा असल्याचे दिसले तरच शस्त्रक्रिया, असा क्रम काकूंना लिहून दिलेला आहे.